विहिरीच्या काठावर नाचलेली पोर

एक पाय विहिरीच्या काठावर, दुसरा पाण्यावर अधांतरी. तोंडावर लाकडी मुखवटा, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा... आणि कमरेवर हात ठेवून आमचे हे सोळा वर्षांच्या पोरीसारखे मुरडत होते. वय एकोणऐंशी. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. सकाळीच संडासापर्यंत मी धरून नेलं होतं. आणि विहिरीत दोन पुरुष पाणी.

"अहो!" मी ओरडले. ढिम्म. "अहो, ऐकलंत का!" काही नाही.

शेजारची शालन मोबाइल धरून उभी.

"गो, धर त्यांना!"

"काकू, व्हिडिओ चाललाय ना!"

मी चौथी शिकलेली. भुतंखेतं मानत नाही. अंगात येणाऱ्या बायकांना तोंडावर सांगते – आधी घरचा केर काढ, मग घुम. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येते.

मुखवटा मुलाने पाठवला. तो नायजेरियात नोकरीला आहे. तिथला त्याचा मित्र एमेका हा इग्बो लोकांपैकी, शाळामास्तर, पण हात सुताराचा, त्यानेच कोरलेला. पांढरा चेहरा, बारीक नाक, डोक्यावर केसांचे उंच तुरे. त्या लोकांत म्हणे ही पितरांकडून आलेली देखणी पोर. मात्र घालून नाचायचं पुरुषाने. शालन हसायला लागली. मी म्हटलं, "हसतेस काय? आपल्या नमनाच्या खेळातली गवळण कोण असते? मिशी काढलेला बापयाच ना!"

मुलाने फोनवर बजावलं होतं, "आई, टांगून ठेवू नको. ते शोभेचं नाही, नाचायचं आहे. आणि घातलेला माणूस तेव्हा तो माणूस नसतो. त्याला नावाने हाक मारायची नाही. बायकांनी तर नाहीच."

"तिथेही बायकांनाच नियम? माझी काळजी नको. बावन्न वर्षांत उखाण्याबाहेर मी ह्यांचं नाव घेतलेलं नाही."

आणि मुखवटा टांगला. पडवीत सुपाच्या खिळ्याला. सूप दुसरीकडे ठेवलं.

त्या दुपारी शालन म्हणाली, "काका, घाला ना, फोटो काढते." ह्यांनी घातला. मग वॉकर बाजूला सारला, चार पायऱ्या उतरले आणि कातळावरून ठुमकत विहिरीकडे... मी मागून धावले तरी गाठता येईना.

तर काठावर पाय, आणि "अहो"ला ओ नाही. मग मी नाव घेतलं. मोठ्याने, बापाने पोराला दटावावं तसं.

नाच थांबला. हे मागे सरकले आणि मटकन खाली बसले. मुखवटा काढून म्हणाले, "माझं नाव कोणी घेतलं?"

"मी."

"लाज सोडलीस?"

"विहिरीत गेला असतात तर श्राद्धाला गुरुजींनी घेतलंच असतं."

पन्नास पावलांवरचं घर. दोघींनी धरून आणायला अर्धा तास लागला. पायऱ्या तर शेवटी बसूनच चढवल्या. ह्यांना काही आठवत नाही. नमनात होते का म्हणून विचाराल, तर स्वतःच्या वरातीतही ह्यांनी पाय हलवला नव्हता. डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो पाहिला, मग व्हिडिओ पाहिला, मग पुन्हा फोटो पाहिला. गोळ्या त्याच ठेवल्या.

मुलाने व्हिडिओ एमेकाला दाखवला. त्याने उलट विचारलं – आमच्या गावचा नाच तुझ्या वडिलांना शिकवला कोणी? आणि नाव घेतल्याबद्दल मला निरोप धाडला – नाव घेतलं की ती पोर निघून जाते, नाच मोडतो. आईंनी नियम मोडला. बरं केलं.

मुखवटा आता जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात आहे. सूप परत खिळ्याला. उलगडा मला झालेला नाही, तुम्हाला झाला तर कळवा. फक्त उपास-तापास सुचवू नका.

त्या दुपारी विहिरीवरून जिवंत परत आले ते माझे यजमान, दत्ताराम. लिहायला हरकत नाही.