फटफटीला चुना-गूळ

इंजिनाला दम टाकायला म्हणून जी बारकी नळी ठेवलेली असते, ती मी एकदा चुना आणि गूळ कालवून बुजवली. नुसती बुजवली नाही, वरून अंगठ्याने दाबून गुळगुळीत केली आणि चार पावलं मागे सरून बघितली, जणू देवाला डोळे बसवलेत.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि चौथी पास होते. चौथी पास बाईसारखं वाईट काही नाही. न शिकलेली बाई चारचौघांना विचारते, पुष्कळ शिकलेली बाई वाचून बघते. चौथी पास बाई थेट हात घालते.

लढाई संपली आणि आमचे हे पलटणीतून घरी आले. तिथे ते फटफटीवरून डाक पोचवायचे. घरी आल्यावर महिनाभर बैलगाडीत बसले, मग एक दिवस साताऱ्याला गेले आणि एका सुभेदाराची जुनी लष्करी फटफटी घेऊनच परतले. विट्याजवळच्या आमच्या गावात ती शिरली तेव्हा कोंबड्या आढ्यावर जाऊन बसल्या. ह्यांनी तिला अंगणात उभं केलं, रोज फडक्याने पुसायला लागले. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, माझ्या तोंडाकडे एवढं निरखून कधी बघितलं नव्हतं.

फटफटी उभी राहायची तिथे दिवसाकाठी रुपयाएवढा तेलाचा डाग पडायचा. तेवढंच. पण अंगण सारवायचं काम माझं, आणि त्यावरून बोलायचं काम आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं.

"म्हशीनं घाण केली तर शेण तरी हुतं," त्या म्हणायच्या, "ह्या तुज्या सवतीचा काय उपेग?"

मी ह्यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, "जुनी गाडी हाय, थोडं गळायचंच. तू हात लावू नगंस."

हात लावू नको म्हटल्यावर माझे हात खाजायला लागतात, ते आजही.

तशात सांगलीहून निरोप आला. तिथले एक जैन व्यापारी विहिरीवरची इंजिनं विकायचे. गावोगाव फिरून ती इंजिनं दुरुस्त करणारा माणूस त्यांना हवा होता, स्वतःची फटफटी असलेला. दुकानामागे राहायला दोन खोल्या देणार होते. "गाडी घेऊन या, गाडी बघून ठरवू," असं कळवलं होतं.

दोन खोल्या! आत्याबाईंशिवाय! मी न बघितलेल्या त्या खोल्यांत मांडणी लावली, चूल पूर्वेला केली, खिडकीत तुळस ठेवली. आता एवढं सगळं एका तेलाच्या थेंबापायी जायला नको. गळकी गाडी बघून तो माणूस काय म्हणेल? हे शेताकडे गेले तशी मी फटफटीखाली डोकं घातलं. नळीच्या तोंडाशी थेंब लोंबत होता. चोर सापडला! आमच्याकडे रांजण गळायला लागला की चुना-गूळ लावतात. मी तोच लावला. दोन दिवसांत तो दगडासारखा झाला, अंगणात एक थेंब पडेना. "कशी गळायची थांबली बघ," हे मलाच सांगायला लागले, जणू ह्यांच्या दराऱ्याने थांबली होती. मी पदरात हसले.

माहेरी सोडतो असं आत्याबाईंना सांगून हे मला बरोबर घेऊन निघाले. मी नवं हिरवं लुगडं नेसून मागे एका अंगाला पाय सोडून बसले. तासगावापर्यंत मी राणी होते. तासगाव सुटलं आणि टाचेवर काहीतरी कोमट पडलं.

"आवं, पायावर काय तरी उडतंय."

"चिखल आसंल."

"उन्हाळ्यात?"

"गप बस."

मैलभराने पोटरी ओली झाली. "आवं, थांबवा की जरा. लुगडं भिजलं."

"लष्करी गाडी हाय ही! वाटंत थांबत न्हाई. गप बस म्हटलं न्हवं?"

मी गप बसले. चुना-गुळाचं सांगायला तोंड उघडलं, तर त्यात धूळ गेली. निदान मी तरी स्वतःला तसंच समजावलं.

सांगलीत दुकानापुढे उतरले तेव्हा मी कमरेपासून खाली काळी झाले होते. इंजिनाच्या प्रत्येक जोडातून तेल पाझरत होतं. दुकानाचे मालक, पांढऱ्या टोपीतले वयस्कर गृहस्थ, बाहेर आले. त्यांचा मिस्त्री गाडीपाशी उकिडवा बसला, नळीचं तोंड नखाने खरवडलं, हुंगलं आणि जिभेला लावलं.

"अण्णा, गूळ हाय ह्यो."

"इंजिनात गूळ?" मालक म्हणाले.

"दम टाकायच्या नळीत. नाक दाबलं, मग तेल वाट फुटंल तिकडनं भाईर." मिस्त्री ह्यांच्याकडे वळला. "कुनी केलं ओ पैलवान?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी दुकानाच्या पाटीकडे बघायला लागले.

मालकांच्या घरच्यांनी मला आत नेऊन पाय धुवायला डाळीचं पीठ दिलं. तिथूनच त्या दोन खोल्या दिसल्या. खिडकी होती. तेवढ्यात बाहेर मालक ह्यांना म्हणाले, "बरं, कळवतो मग." कळवतो म्हणजे काय, ते चौथी पास बाईलाही कळतं.

मी ओल्या पायांनी बाहेर धावले. हे गाडी पुसत उभे होते. मी मालकांना म्हटलं, "अण्णा, ह्यांचा काय बी दोष न्हाई. गूळ मी भरला. ह्यांना ठावं सुदिक न्हवतं. तासगावापासनं मी सांगतीया, पायावर उडतंय, लुगडं भिजलं, गाडी थांबवा, पर ह्यांना वाटलं चिखल हाय, म्हणून मला गप बस म्हणाले."

केवढी हुशार वकील! ह्यांच्या हातातलं फडकं थांबलं. अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि मला म्हणाले, "अक्का, तुमी चुकलासा, ते घडतं मानसाकडनं. पर उद्या शेतकरी ह्यास्नी म्हणंल, आवं, इंजिन तेल वकतंय. त्याला बी हे गप बसच म्हणतील की!"