मामीचं धुकं

आमच्या मामाचा धंदा पासपोर्ट फोटोंचा. दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसायचं, "हलू नका, हसू नका!" पण आभाळ भरून आलं की दुकान बंद करून स्वारी थेट तळ्यावर. वादळातलं काळंभोर पाणी टिपणं ही त्याची खरी कला. कॅमेऱ्यावर छत्री धरायला मामी असायची; स्वतः दोघंही चिंब.

एकदा कळ दाबून त्याने मामीला बजावलं, "अर्धं मिनिट फोटो निघत राहणार, अजिबात हलू नकोस." तेवढ्यात छत्री उडाली आणि मामी पांढऱ्या रेनकोटात तिच्यामागे काठाकाठाने धावत सुटली. फोटोत पाण्यावर नुसता पांढुरका पट्टा उमटला. मामाने कपाळावर हात मारला, पण दुसरा फोटो नव्हता म्हणून तोच प्रदर्शनात पाठवला. परीक्षक त्या 'गूढ धुक्या'वर बेहद्द खूश. पहिलं बक्षीस! मामी फोटोशेजारी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "धुकं कसलं डोंबलाचं? मी आहे ती!"

आता वादळ आलं की मामा गयावया करतो, "अगं, जरा पळ ना!"

मामी मात्र ओठ मिटून, नाकासमोर बघत, पासपोर्टच्या फोटोला बसावं तशी ताठ उभी.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, हलू नकोस म्हणून?"