सीनेनं नेलेली माती

वडील गेले त्या वर्षी आमच्या गावाजवळ सीना नदीत पाणी नव्हतं. परंडा तालुक्यातलं आमचं गाव. पावसाळा लागून महिना झाला तरी टँकर येतच होते. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि ती सोडायची कुठं, हा प्रश्न उभा राहिला. पात्रात वाळू उपसलेले खड्डे तेवढे होते. धाकटे चुलते म्हणाले, टँकरवाल्यालाच वाट वाकडी करून नदीत यायला सांगू. कुणी हसलं नाही. शेवटी आईनं ठरवलं. नदीकाठच्या आमच्या शेतात खड्डा घेतला, राख त्यात ठेवली आणि वर आंब्याचं रोप लावलं.

त्या रोपानं आईला गावात धरून ठेवलं. भाऊ आधीच पुण्याकडं कारखान्यात गेला होता, मी उमरग्याला कॉलेजच्या ग्रंथालयात. दर दिवाळीला मी तिला माझ्याकडं चल म्हणायची. तिचं उत्तर ठरलेलं असायचं, ह्यांना पाणी कोण घालल? भांडी विसळलेलं पाणी कॅनमध्ये साठवून ती रोज शेतात न्यायची. आंबा तिच्या खांद्याला लागला तेव्हा तिनं मुद्दाम फोन करून कळवलं होतं.

मग एका सप्टेंबरात पाऊस थांबेना. नदी शेतं ओलांडून गावात शिरली. आई दोन दिवस शाळेच्या गच्चीवर होती. रस्ता खुला झाला तशी मी पोचले. तिनं मला घरात नेलंच नाही, थेट शेताकडं नेलं.

शेत नव्हतं. काळी माती वाहून गेली होती. खालचा मुरूम आणि गोटे उघडे पडले होते. बांध गेला होता, विहीर गाळानं बुजली होती. आंबा कुठं होता हे ठरवायला एकही खूण उरली नव्हती. आई पावलं मोजत फिरली, दोनदा थांबली. दोन्ही वेळा जागा वेगळी होती. बदलत्या हवामानाविषयी मी पुष्कळ वाचलं आहे. त्या मुरमावर उभं राहून तिला सांगण्यासारखं त्यातलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

चुलते आले. गाव वर माळावर बसवायचं घाटत होतं, आणि ते वहीत नावं लिहून घेत होते.

"वैनी, तुमचं नाव घालू का?"



"त्या साली नदीला पाणी नव्हतं म्हणून त्यांना इथं ठिवलं," ती म्हणाली. "आता नदी सोता येऊन घिऊन गेली. म्या माळावर कुनासाठी बसू?"

चुलत्यांनी वही मिटली. लेकीच्या दारात राहणार का, असं ते एरवी म्हणाले असते. त्या दिवशी म्हणाले नाहीत.

चार दिवसांनी आई आणि मी कुर्डुवाडीवरून उमरग्याला निघालो. मोहोळच्या पुढं बस पुलावर आली. खालचं पाणी अजून मातीच्या रंगाचं होतं.

"ही तीच का?" आईनं विचारलं.

"तीच."

"उमरग्याला हाय का?"

क्षणभर खोटं बोलावंसं वाटलं. "न्हाय, आई. सोलापूरच्या खाली ती भीमेला मिळते."

तिनं पदर सारखा केला आणि हात जोडले. पूल संपेपर्यंत ते तसेच होते. मग "जाऊ दे त्यांना," म्हणाली आणि खिडकीची काच ओढून घेतली.