हॉटेलाला चुलीचं आवतन

माझ्या हॉटेलात पहिल्याच दिवशी अख्खं गाव जेवून गेलं, म्हणून ते बंद पडलं.

त्याआधी मी राजुऱ्याकडे एका कोळसा खाणीच्या ऑफिसात हजेरीबाबू होतो. कोण कामावर आलं, कोण नाही, हे मी लिहायचो. आणि मला स्वतःला रोज सकाळी वाटायचं की आज आपण जाऊच नये! साहेब मला नावानं हाक मारत नसत. "ए हजेरी!" म्हणत. वयाची पंचेचाळिशी उलटली तरी हजेरीच. एकदा भर मीटिंगमध्ये ते म्हणाले, "ए हजेरी, कप उचल." माझं डोकंच फिरलं. त्याच दिवशी राजीनामा दिला. (कप उचलून, विसळून, मग दिला. सवय, दुसरं काय!)

"काय करणार?" साहेबांनी विचारलं.

"हॉटेल टाकतो."

साहेब पोट धरून हसले. "महिनाभर हा कागद माझ्याकडेच राहू दे. येशील तू परत."

झालं! तो कागद पुढे जाईपर्यंत हॉटेल चालवून दाखवायचं, नाहीतर पुन्हा त्या दारात उभं राहायचं. आमचं गाव सावलीजवळ, गडचिरोलीच्या रस्त्याला लागूनच. ट्रक, टॅक्सी, बसगाड्या, सगळं दारावरून जातं. बायको नंदाच्या हाताला चव. तिनं भिशीचे पैसे लावले. घरचा तांदूळ होता. कमी होती ती फक्त माझ्या अकलेची.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, "माय, गावात सांगून ये, उद्या हॉटेल सुरू होऊन राह्यलं म्हणून."

माय कुंकवाची वाटी घेऊन निघाली, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. आमच्याकडे कुंकू लावून 'चुलीले आवतन' दिलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. म्हातारीपासून तान्ह्या लेकरापर्यंत सगळे जेवायला येतात. मायनं असं अख्ख्या गावाला सांगितलं!

"काऊन वं माय असं केलं?"

"मंग काय सांगू? जेवाले या अन् पैसे घेऊन या? मले लाज नाई का?"

सकाळी गाव लोटलं ते आहेर घेऊन. मामानं मला टोपी घातली, शेला पांघरवला. आणि मी काय करावं? वीस वर्षांत मला कोणी इतका मान दिला नव्हता राजेहो! मी दारात उभा राहून हात जोडून सांगत सुटलो, "जेवल्याशिवाय जाऊ नका बरं!" टेबलं बाहेर गेली, पंगत बसली. मामानं भाताची बादली स्वतः उचलली.

"नंदा, वरण पातळ झालं वं!"

"तिसऱ्यांदा पाणी टाकून राह्यली मामाजी, आता काय घट्ट होईल?" नंदा आतून ओरडली. मग माझ्याकडे आली. "अजी, गल्ल्यावर कोन बसलं?"

गल्ल्यावर मामी बसली होती. आहेरातले ब्लाऊजपीस रचत!

एवढ्यात एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं माझी टोपी पाहिली. "शादी है क्या भाऊ?"

"शादी नाई, हॉटेल आहे! या, या!"

मी त्याला ओढतच आत आणलं. मामानं त्याला पंगतीत बसवलं, आग्रह करकरून वाढलं. जेवून त्या भल्या माणसानं नोट काढली, तर मामानं त्याचं मनगटच धरलं. "आमच्या दारात जेवून पैसे देता? बेइज्जती करता का आमची?" दिवसातलं माझं एकुलतं एक गिऱ्हाईक, आणि त्याचे पैसे मामानं त्याच्याच खिशात घातले!

दुपारी गडचिरोलीला जाता जाता साहेबही उतरले. बोटं चाटत जेवले. आहेर म्हणून स्टीलचा जेवणाचा डबा दिला. "ठेव, कामी येईल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पाटी लावली: 'पैसे आधी द्यावे.' मामानं ती वाचली आणि चौकात जाऊन बसला. "भाच्यानं मामाले पाटी दाखोली गा!" बस, गाव फुगलं. नंतर कोणी चहालासुद्धा फिरकलं नाही. ट्रकवाल्यांनीही आमचं घर लग्नघर म्हणून सोडून दिलं. पंधरवड्याचं सामान एका पंगतीत गेलं होतं. नंदा भांडी घासत म्हणाली, "सगळे म्हणाले चव चांगली होती. माही भिशी होती थे. चव येईनच ना." मला मायचा राग आला, मामाचा आला. पण दारात शेला पांघरून हात जोडणारा तो गाढव आठवला की सगळा राग त्याच्यावरच जायचा.

महिना भरायच्या आत मी साहेबांसमोर उभा राहिलो. राजीनामा शोधावा लागला नाही. तो त्यांच्या चहाच्या कपाखाली होता. कागदावर गोल गोल डाग पडले होते.

आता रोज दुपारी मी त्याच स्टीलच्या डब्यातून जेवतो. झाकणावर साहेबांनी कोरून घेतलंय, 'नव्या हॉटेलमालकास शुभेच्छा.' एक मात्र मान्य केलं पाहिजे, धंदा केल्यानं माणसाची इज्जत वाढते. साहेब आता मला "ए हजेरी" म्हणत नाहीत. भर मीटिंगमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात,

"मालक, कप उचला!"