काकींची भरलेली खोली

आमच्या परळच्या चाळीत समोरच्या काकी त्यांची दुसरी खोली फक्त कॉलेजच्या मुलींना देतात. जुनी मुलगी शिकून गेली की नवी येईपर्यंत खोली रिकामी असते, पण तशी दिसत नाही. दाराशी काकींच्या चपला असतात, दोरीवर काकींच्या साड्या.

यंदा एजंट दुप्पट भाड्याचं गिऱ्हाईक घेऊन आला. काकी ठसक्यात म्हणाल्या, "दिसत नाय? भरलेली आसा."

एजंटची खात्री पटावी म्हणून दुसऱ्या दिवसापासून मीही माझे ड्रेस त्याच दोरीवर वाळत घालू लागले.

मग एका संध्याकाळी एक वडील मुलीला घेऊन जिना चढून आले. खोल्या बघून बघून दोघं दमली होती. दोरीवरचे कपडे दिसताच बिचारे काही न विचारताच मागे वळले.

"ओ, खंय चाललात?" काकी ओरडल्या. "खोली रिकामी आसा! कपडे आमचे."

"भाडं किती?" त्यांनी चाचरत विचारलं.

"पोरीच्या मेसचो खर्च भागवून जा काय उरात ता द्या."

काकी माझ्यावर खेकसल्या, "बघतंस काय? घे तुझे कपडे आत!"

दोरीवरचे कपडे इतक्या रुबाबात मी कधीच गोळा केले नव्हते.