पुढच्या सीटवर मी

"बाकी बरंच जाईल," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण सायकल शेवटपर्यंत राहते. मेंदूच्या फार आतल्या कप्प्यात असते ती." त्या हे इंग्रजीत आणि हसून बोलल्या होत्या, आम्हाला बरं वाटावं म्हणून. माझा नवरा शेजारी बसून मन लावून ऐकत होता, जणू ऑफिसातल्या दुसऱ्याच कुणाच्या प्रोजेक्टविषयी मीटिंग चालली होती.

त्याला अजून साठ वर्षंही पूर्ण व्हायची होती. अल्झायमर हा शब्द आमच्या घरात येऊन दीडेक वर्ष झालं होतं. आधी नोकरी गेली, मग गाडी. गाडीच्या किल्ल्या मी काढून घेतल्या त्या दिवशी तो गराजमध्ये गेला आणि सायकलच्या चाकांत हवा भरत बसला. आम्ही अमेरिकेत राहतो त्या हर्नडनच्या मधून जुन्या रेल्वेमार्गावरची सायकल ट्रेल जाते. सरळच्या सरळ रस्ता, वळायचा प्रश्न नाही. रोज सकाळी तो पुढे आणि मी मागे. त्याची पाठ बघत चालवायची मला लग्नाआधीपासूनची सवय. पुण्यात आमचं ठरल्यावरही तो नागपूरहून आला की भाड्याची सायकल घ्यायचा आणि मी माझ्या लेडीज सायकलवर त्याच्या मागे.

थायलंड त्याचं फार दिवसांपासूनचं होतं. बरा होता तेव्हा खेड्यापाड्यांतून सावकाश सायकलने फिरवणाऱ्या टूर्सचे व्हिडिओ बघायचा. "रिटायर झालो की करू," म्हणायचा. डॉक्टरबाईंचं ते वाक्य ऐकून मी घरी आले आणि बुकिंग करून टाकलं.

मुलगी बॉस्टनला असते. तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आई, इज धिस फॉर हिम ऑर फॉर यू?"

"दोघांसाठी," मी म्हटलं. ते खरं होतं.

जानेवारीत गेलो. ग्रुप लहानसा होता, बहुतेक रिटायर झालेले अमेरिकन. त्यांतली ओहायोची एक नर्स माझ्याशी पहिल्याच दिवशी बोलली. मी सांगायच्या आत तिला त्याचं आजारपण कळलं होतं. गाइड चाळिशीचा थाई माणूस, बुटका, कायम टोपी घातलेला. त्याला मी आधीच ईमेलने सगळं कळवलं होतं. त्याने माझ्या नवऱ्याच्या सायकलला एक लाल फडकं बांधलं आणि मला म्हणाला, "मॅडम, हे लाल दिसतंय तोवर तुम्ही आजूबाजूचं बघा."

सुखोथाईच्या बाजूचा तो सपाट मुलूख. दोन्हीकडे भातखाचरं, मधून कालवे, कालव्यांवर लहान लहान पूल. घरांपुढे खांबावर ठेवलेली चिमुकली देवघरं, आपल्याकडच्या तुळशीवृंदावनासारखी, समोर फुलं आणि सरबताची बाटली. उन्हं चढली की मागून येणारा टूरचा ट्रक थांबायचा आणि गाइड गवती चहाच्या वासाचे थंडगार ओले टॉवेल वाटायचा. पहिले काही दिवस इतके चांगले गेले की मला वाटायला लागलं, डॉक्टरांचंच काहीतरी चुकलंय. तो पुढे होता. तोल पक्का, गिअर बरोबर पडत होते. रस्त्याकडेला एक बाई नारळाच्या दुधात कालवलेलं पीठ खळग्यांच्या तव्यावर घालत होती. तो सायकलवरूनच ओरडला, "आप्पे!" आम्ही थांबून दोन द्रोण खाल्ले. किती तरी महिन्यांनी त्याला एखाद्या गोष्टीचं नाव एका दमात आठवलं होतं.

त्याची भाषा मात्र बदलत चालली होती. तो भंडाऱ्याकडच्या एका गावाचा. तिकडेही असंच, भाताचं शिवार आणि तळी. शाळेला सायकलने बांधावरून जायचा. लग्नानंतर पुण्यात आणि मग अमेरिकेत आल्यावर ती बोली त्याने पार सोडून दिली होती. माझ्या माहेरच्यांनी कधी हसून नक्कल केली असेल, कोण जाणे. आता त्या शेतांमधून जाताना ती आपोआप परत येत होती. "कुठं जाऊन राहिलो आपण?" तो विचारायचा. "काहून थांबलो?" मला ऐकायला गोड वाटायचं. त्या बोलीत तो थेट शाळकरी वयात चाललाय आणि मी त्याला तिथे भेटलेलेच नव्हते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ज्या दिवशी तो हरवला त्या दिवशी आम्ही एका देवळाच्या आवारात थांबलो होतो. नर्सच्या सायकलचं चाक पंक्चर झालं होतं आणि गाइड ते काढत होता. मी बाथरूमला गेले होते. परत आले तर लाल फडकं दिसेना.

आधी कुणी घाबरलं नाही. पुढे गेला असेल, म्हणाले. पण पुढचा रस्ता लांबवर दिसत होता आणि मोकळा होता. गाइडने हातातलं चाक तसंच खाली टाकलं, ट्रक एका दिशेला पाठवला आणि स्वतः गावच्या मुखियाच्या घराकडे धावला. थोड्या वेळाने खांबावरच्या कर्ण्यातून आवाज यायला लागला. सगळं थाई, मला एक अक्षर कळत नव्हतं. नर्स माझा हात धरून उभी होती. कर्ण्यातला माणूस तेच तेच पुन्हा सांगत होता. घरांतून माणसं बाहेर येत होती, माझ्याकडे बघत होती आणि मोटारसायकली काढून निघत होती.

गाइडला फोन आला. तो कालव्यापलीकडच्या एका घरी होता.

मी गाइडच्या मागोमाग गेले. घरासमोर झाडाच्या सावलीत बांबूचा मोठा माचा होता. त्यावर माझा नवरा मांडी घालून बसला होता. समोर एक म्हातारी लसूण सोलत होती आणि तोही सोलत होता. बाजूला रिकामी ताटली, भात आणि अंड्याचं काहीतरी खाल्लेलं. तो तिला सांगत होता, "औंदा धान चांगलं झालं, नाही का, माय?" ती थाईत काहीतरी म्हणाली. तो हसला. तीही हसली. इतका निवांत तो मला गेल्या दोन वर्षांत दिसला नव्हता.

मी धावत जाऊन त्याचा दंड धरला. "अरे, कुठे गेलास तू? चल, सगळे थांबलेत."

त्याने हात सोडवून घेतला. म्हातारीकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

"अरे, मी," मी म्हटलं. "मी. तुझी बायको."

तो उठून उभा राहिला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. राग नव्हता, भीती होती. परक्या बाईने भलतंच काही बोलावं तशी. "माही बायको घरी आहे," तो म्हणाला, आणि त्याने त्या म्हातारीचा हात घट्ट धरला.

मी पुन्हा सांगायला गेले. तो मागे सरकला. तेव्हा गाइड मध्ये आला, टोपी काढली आणि इंग्रजीत अगदी हळू म्हणाला, "सर, लंच इज रेडी. शॅल वुई गो?"

"श्योर, श्योर. लेट्स गो," माझा नवरा म्हणाला. चपला घातल्या, सायकल घेतली. इंग्रजीतला तो ऑफिसचा शहाणा माणूस जागच्या जागी होता. म्हातारी मला काहीतरी म्हणाली. गाइडला मी अर्थ विचारला नाही. तिने सोललेला लसूण एका पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

त्या संध्याकाळी मुलीला फोन केला. "आई, जस्ट कम होम," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिकिटं बदलून निघावं असं मलाही वाटत होतं. पण जेवताना तो मला पुन्हा नावाने हाक मारून मीठ मागत होता, उद्या कुठे जायचं विचारत होता. मी म्हटलं, राहू या.

गाइडने कुठूनतरी दोघांची सायकल आणवली. लांबलचक, दोन सीट्सची, जुनी पण चेन नवी होती. पुढे बसणाऱ्याकडे हँडल आणि ब्रेक, मागच्याने फक्त पेडल मारायचं. तो सवयीने पुढच्या सीटकडे गेला. गाइड त्याला म्हणाला, "सर, तुमचे पाय जास्त मजबूत आहेत. इंजिन मागे लागतं." तो खूश होऊन मागे बसला.

मी पुढे बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

वळण घेताना आधी धडपडलो, मग जमलं. पेडलला त्याचा जोर लागत होता, तेवढ्यावरून तो आहे हे मला कळत होतं. चेहरा दिसत नव्हता. टूर संपायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही कालव्याच्या कडेने चाललो होतो. बाकीचे बरेच पुढे गेले होते. मी विचारलं, "दमलास का? थांबायचं?"

मागून आवाज आला, "बाई, तुमी पुण्याच्या काय?"

माझे पाय क्षणभर थांबले. पण पेडल त्याच्या जोराने फिरतच राहिलं.

"हो," मी म्हटलं.

"बोलण्यावरून समजते. माही बायकोबी पुण्याचीच."

मागे वळून बघावं, ब्रेक दाबावा, उतरून त्याला हलवून सांगावं, असं सगळं मनात आलं. पण त्या माच्याजवळचा त्याचा चेहराही आला. मी समोर बघत राहिले. "असं का?" मी विचारलं. "कशी आहे ती?"

"चांगली आहे. लै चांगली. पण थकली आता. माह्यासाठी सारंच करते." पूल आला, तो चढताना त्याने जोर लावला. "मले समजते सारं. पण तिच्यापुढे गेलो का शब्दच सापडत नाही. तुमच्यासंगं कसं, मोकळं बोलून राहिलो."

"मग सांगा ना तिला," मी म्हटलं. आवाज नीट राहावा म्हणून मी जोरात पेडल मारत होते.

"आता माह्याच्यानं होत नाही. तुमी सांगजा."

"काय सांगू?"

तो विचार करत असावा. त्याचे पाय मंदावले, एवढं मला कळलं. तेवढ्यात डावीकडच्या खाचरातून बदकांचा मोठा कळप पाण्यात उतरला. शेकड्याने असतील, सगळी एकदम कलकलाट करत. एक माणूस लांब काठी घेऊन त्यांच्या मागे चालला होता.

"बदकं पाहा, बदकं!" तो मागून ओरडला. "अरे बापरे, किती!"

"पाहिली," मी म्हटलं. मी वाट बघितली. बरंच अंतर गेलो. मग पुन्हा विचारलं, "तिला काय सांगू?"

"कोणाले?" तो म्हणाला.

पुढे थोडं अंतर मला रस्ता दिसत नव्हता. रस्ता सरळ होता म्हणून पडलो नाही. जेवणाच्या जागी ग्रुपमधले सगळे टाळ्या वाजवत उभे होते. नर्सने माझ्याकडे बघितलं आणि टॉवेल दिला. मी तो तोंडावर धरून बराच वेळ उभी राहिले.

परत आल्यावर मुलगी आम्हाला भेटायला हर्नडनला आली. किचनमध्ये चहा करताना मी तिला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बट व्हॉट डिड बाबा वॉन्ट टु टेल यू?"

"ते राहिलंच," मी म्हटलं.

"कदाचित ही जस्ट वॉन्टेड टु से की..." ती वाक्य बनवायला लागली. मी तिला थांबवलं. तिने बनवलेलं वाक्य मला नको होतं. मी बनवलेलंही नको होतं. मी किती तरी बनवून पाहिली आहेत, ट्रॅफिकमध्ये, भाजी चिरताना. एकही त्याच्या बोलीत येत नाही.

वसंतात तो सायकलशेजारी उभा राहिला आणि पाय कुठे टाकायचा ते त्याला कळेना. डॉक्टरबाईंचा अंदाज चुकला. त्यानंतर जिना, मग चमचा. पुढच्या थंडीत मला त्याला अशा रुग्णांच्या होममध्ये ठेवावं लागलं. घरापासून लांब नाही. मी ऑफिस सुटल्यावर जाते, शनिवार-रविवारी दुपारी जाते. मराठी मंडळात भेटणारी माणसं विचारतात, "थायलंडला नेलंत ते बरं केलंत, नाही? तेवढाच आनंद." मी हो म्हणते. आनंद होताच. त्या माच्यावर बसलेल्या माणसाला तर नक्की होता.

आता तो फार बोलत नाही. जी काही बोली परत आली होती, तीही गेली. इंग्रजीतले दोन-चार शब्द उरलेत. दुपारी मी त्याला दहीभात कालवून भरवते. तो शांतपणे खातो, माझ्या हाताकडे बघत. तोंड पुसून झालं की मान थोडी वाकवतो आणि मला म्हणतो, "थँक यू."

इतकी वर्षं संसार केला, एकमेकांना थँक यू म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन रडले. हल्ली मी तिथेच बसून राहते आणि त्याला "वेलकम" म्हणते, कारण उत्तर आलं नाही तर तो माझ्याकडे बघत वाट पाहत राहतो.