पंचावन्न इंची कागद

लग्नानंतर मुलुंडला आमच्या घरी पहिला टीव्ही आला, तो रविवार आठवतो. हे गच्चीवर अँटेना फिरवत होते आणि मी दोन मजले खाली खिडकीत उभी. चित्र आलं की मी सांगायचं, असं ठरलं होतं...

मी कॉन्व्हेंटमधली. मुलींनी आवाज चढवायचा नाही, हे सिस्टरनी दहा वर्षं अंगात मुरवलेलं. पण त्या दिवशी खिडकीबाहेर डोकं काढून मी ओरडले, "अहो, आलं... गेलं... आलं!" आणि वरून ह्यांचा आवाज आला, "ऐकलं गं, पुरे! अख्ख्या मुलुंडला कळलं."

आता हे माझ्या शेजारी बसले तरी त्यांना ऐकू येत नाही.

कानाला मशीन आहे. पण टीव्ही लागला की सगळे आवाज एकमेकांत मिसळतात म्हणे. गेलं वर्षभर मी मालिका लावली की हे हळूच उठतात आणि आतल्या खोलीत पेपर घेऊन बसतात. मी बाहेर, हे आत... घरात माणसं दोनच, आणि संध्याकाळ तर फार लांब असते.

गेल्या महिन्यात आमच्या टीव्हीचा अर्धा पडदा काळा पडला. बंगळुरूहून निखिलचा, आमच्या मुलाचा, लगेच फोन. "आई, आता स्मार्ट टीव्हीच घे. पंचावन्न इंची. बाबांच्या मशीनला डायरेक्ट जोडता येतो, आवाज थेट कानात." मला वाटलं, चला, हे परत बाहेर येऊन बसतील. माझं टीव्ही घेणं एवढ्यासाठीच होतं.

हे आयुष्यभर ड्राफ्ट्समन. मोजल्याशिवाय घरात खिळासुद्धा ठोकत नाहीत. जुन्या वर्तमानपत्रांची पानं चिकटपट्टीने जोडून, पट्टी लावून, ह्यांनी बरोबर पंचावन्न इंच रुंद कागद कापला आणि हॉलच्या भिंतीवर चिकटवला. तो थेट स्वयंपाकघराच्या चौकटीला जाऊन टेकला.

"टीव्ही आणतोय की थिएटर बांधतोय?" मी म्हटलं.

"डोळ्यांना सवय व्हायला हवी. चार दिवस राहू दे," हे म्हणाले.

मग संध्याकाळी सहाच्या सुमारास अंतराचा अंदाज घ्यायला आम्ही दोघं सोफ्यावर बसलो... समोर तो कागद. खिडकीतून तिरपं ऊन त्यावर पडलं होतं, पंख्याच्या वाऱ्याने एक कोपरा हळूहळू हलत होता. ह्यांनी चष्मा लावला आणि बातम्या देतात तसं गंभीर आवाजात वाचायला सुरुवात केली, "नमस्कार. कांदा पुन्हा महाग..."

मी इतकी हसले की चहा सांडला.

दुसऱ्या दिवशी पण बसलो. तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर हे आपणहून येऊन बसले. घर शांत होतं. हे माझ्याकडे वळून, ओठांकडे बघत ऐकायचे, आणि मला ओरडावं लागत नव्हतं. कुठले कुठले विषय निघाले... जुने शेजारी, माझ्या आईचं वालाचं बिरडं, निखिलचा पहिला दात. ऊन भिंतीवरून सरकत जाई आणि आम्हाला पत्ताच नसे.

परवा शेवटी स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. श्रद्धा नावाची गोड मुलगी दाखवत होती. ह्यांनी पंचावन्न इंचीला खिशातली टेप लावली आणि विजयी चेहऱ्याने म्हणाले, "हा पंचावन्न नाही. जवळजवळ वीतभर कमी आहे!"

"काका, टीव्ही तिरका मोजतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

चाळीस वर्षं नकाशे काढलेला माणूस... कानापर्यंत लाल! मी दुसरीकडे बघत हसू दाबलं.

मग तिने टीव्ही ह्यांच्या मशीनला जोडला. पडद्यावर कुठलीशी नदी वाहत होती, आणि ह्यांचे डोळे एकदम मोठे झाले. "पाणी ऐकू येतंय गं," हळूच म्हणाले. मला भरून आलं. मी काहीतरी बोललेसुद्धा, पण ते त्यांना कळलंच नाही.

हे एकदम श्रद्धाकडे वळले. "असा आवाज आल्यावर हिचं बोलणं कसं ऐकू येणार?"

"मशीनमध्ये बाहेरचा आवाज कमी होतो, काका," ती जरा चाचरत म्हणाली.

"मग काढ. टीव्ही चालू असला की हिचं ऐकू येत नाही, म्हणून तर मी आत जाऊन बसतो. नुसतं 'हं हं' करत बसायचं, ते बरं वाटत नाही."

वर्षभर मला वाटत होतं, हे टीव्हीला कंटाळलेत... कदाचित मलाही. आणि दुकानात, चाळीसेक टीव्ही एकदम चालू असताना, मला हे कळत होतं.

श्रद्धाने मग आवाज अगदी बारीक करून खाली संवादांची अक्षरं कशी आणायची ते दाखवलं. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून पंचावन्न इंचीच घेतला. आज सकाळी भिंतीवर लागलाही.

आता घरच्यांसाठी चार निरोप. जुन्या टीव्हीखालचं टेबल घाटकोपरच्या मंदावन्सं, तुमच्याकडे; शिवणाच्या मशीनला बरोबर होईल. डीव्हीडी प्लेअर आणि सगळ्या डीव्हीडी दहिसरच्या अंजूने न्याव्यात, तिच्या नातीला आवडतील. निखिल, तू आमच्यासाठी ऑर्डर केलेला साउंडबार तुझ्याच घरी लाव, राजा. आणि संध्याकाळी सहा ते सात टीव्ही बंद, तो तास कोणाला मिळणार नाही... फोन त्यानंतर करा.